जर्मेनियम नक्की काय आहे, आणि सिलिकॉन आल्यावर ते गेलं कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे की जर्मेनियम धातू की अधातू, पहिला ट्रान्झिस्टर त्याचा होता तर सिलिकॉनने त्याला हाकललं का, आणि आज ते कशात वापरतात की नुसतं पिरिऑडिक टेबलमधलं ३२ नंबरचं घर अडवून बसलंय. जोडीला एक उपप्रश्न, जर्मेनियमच्या ब्रेसलेटने अंगदुखी जाते का. ते शेवटी बघू.

माझी पंचवीसेक वर्षं गॅमा स्पेक्ट्रोस्कोपीच्या लॅबमध्ये जर्मेनियम डिटेक्टर सांभाळण्यात गेली आणि घरी जुने ट्रान्झिस्टर रेडिओ उघडून बसायचा नाद आहे, म्हणजे दिवसा अतिशुद्ध जर्मेनियम आणि रात्री सत्तर वर्षांपूर्वीचं जर्मेनियम. तेव्हा उत्तर जरा लांबणार, आधीच सांगतो.

आधी धातूचं बघू. तुकडा हातात दिला तर दहापैकी नऊ जण धातूच म्हणतील. करडी-पांढरी चकाकी, बोटाला गार, आणि हाताला चांगलं जड, घनता ५.३२ म्हणजे सिलिकॉनच्या दुपटीहून जास्त. पण खाली पडलं की काचेसारखे तुकडे होतात, ठोकून पत्रा करायचा प्रश्नच नाही. आतली रचना हिऱ्याची आहे तशीच, प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांचे हात धरून बसलेला. आणि खरी ओळख म्हणजे तापवलं की तांब्याचा रोध वाढतो, जर्मेनियमचा उलट झरझर उतरतो. वितळतं ९३८ अंश सेल्सिअसला आणि गोठताना पाण्यासारखं फुगतं. म्हणून त्याला धातुसदृश म्हणतात, सोबत बोरॉन, सिलिकॉन, आर्सेनिक, अँटिमनी आणि टेल्युरियम. ही यादी काही दगडावरची रेघ नाहीये, पुस्तकागणिक एखादं नाव आत-बाहेर होतं, त्यावर वाद घालण्यात मला कधी रस वाटला नाही.

त्यापेक्षा एक आकडा लक्षात ठेवा, ०.६७. स्फटिकात बांधलेला इलेक्ट्रॉन सुटून मोकळा फिरायला लागावा यासाठी जो ऊर्जेचा उंबरठा ओलांडावा लागतो, ज्याला बँड गॅप म्हणतात, तो जर्मेनियममध्ये ०.६७ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे, सिलिकॉनमध्ये १.१२. उंबरठा ठेंगणा आहे. जर्मेनियम ट्रान्झिस्टरमधून गेलं ते या ठेंगणेपणामुळे, आणि आज जिथे जिथे त्याला पर्याय मिळत नाही तिथेही बहुतेक वेळा कारण हेच आहे.

इतिहास मजेदार आहे. पिरिऑडिक टेबल मांडणाऱ्या मेंडेलीफने १८७१ मध्ये सिलिकॉनखालची जागा रिकामी सोडून तिथे येणाऱ्या मूलद्रव्याला एका-सिलिकॉन असं नाव देऊन ठेवलं होतं, अणुभार ७२, घनता ५.५, त्याचं क्लोराइड शंभर अंशांच्या जरा खाली उकळेल वगैरे सगळं लिहून. मग १८८५ मध्ये जर्मनीत सॅक्सनीमधल्या फ्रायबर्गजवळच्या एका खाणीत चांदीचं एक नवं खनिज निघालं, त्याला आर्जिरोडाइट नाव मिळालं, आणि क्लेमेन्स विंकलर या रसायनशास्त्रज्ञाकडे ते पृथक्करणाला आलं. चांदी मोजली, गंधक मोजलं, बारीकसारीक सगळं मोजलं, बेरीज शंभर यायला हवी तर दर वेळी सुमारे ७ टक्के कमी. आपल्यासारख्याने तराजूला दोष देऊन फाइल बंद केली असती. हा माणूस काही महिने त्या ७ टक्क्यांच्या मागे लागला आणि ६ फेब्रुवारी १८८६ ला नवं मूलद्रव्य वेगळं काढलं.

गंमत पुढे आहे. आज आपण ही गोष्ट अशी सांगतो की भाकीत केलं आणि तेच सापडलं, पण तेव्हा गोंधळ होता. विंकलरला आधी वाटलं ही अँटिमनी आणि बिस्मथच्या मधली रिकामी जागा भरणार, खुद्द मेंडेलीफला वाटलं कॅडमियमखालची, आणि हे एका-सिलिकॉन आहे असं आधी म्हणणारे दुसरेच होते. मोजमापं झाल्यावर वाद मिटला, अणुभार ७२.३ आला, घनता ५.३५, क्लोराइड ८६ अंशांना उकळलं. नावसुद्धा नेपच्यूनवरून ठेवायचं विंकलरच्या मनात होतं कारण तो ग्रहही आधी गणितात आणि मग आकाशात सापडला, पण ते नाव दुसऱ्या एका दाव्यात वापरलं गेलं होतं म्हणून शेवटी देशावरून जर्मेनियम.

त्यानंतर जवळजवळ साठ वर्षं याला कोणी विचारत नव्हतं. १९३० च्या दशकापर्यंत तर लोक याला वीज नीट न वाहणारा एक धातू समजत, कारण मिळायचे ते नमुने अशुद्ध, आणि अशुद्धी असली की ते खरंच धातूसारखं वागतं. मग दुसऱ्या महायुद्धात रडारच्या मायक्रोवेव्ह सिग्नलसाठी डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे सुटे भाग) हवे झाले, व्हॅक्यूम ट्यूब तिथे चालेनात, आणि अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात लार्क-होरोविट्झच्या गटाने जर्मेनियम शुद्ध करायचं मनावर घेतलं. डिसेंबर १९४७ मध्ये बेल लॅबमध्ये बार्डीन आणि ब्रॅटन यांनी जर्मेनियमच्या एका वडीवर सोन्याचे दोन स्पर्शबिंदू केसाएवढ्या अंतरावर टेकवून सिग्नल मोठा करून दाखवला, तो पहिला ट्रान्झिस्टर. १९५६ चं नोबेल शॉकलीसह तिघांना मिळालं.

सिलिकॉन वाळूत ढिगाने पडलेलं असताना आधी जर्मेनियमच का, हे नेहमी विचारतात. उत्तर भट्टीचं आहे. सिलिकॉन १४१४ अंशांना वितळतं आणि वितळलेलं सिलिकॉन ज्या मुशीत ठेवाल तिलाच खायला लागतं, जर्मेनियम ९३८ ला ग्राफाइटच्या होडीसारख्या भांड्यात निवांत वितळतं. आणि बेल लॅबमधल्याच विल्यम फॅनने त्यासाठी झोन रिफायनिंग काढलं, जे मला आजही पाहायला आवडतं. लांब कांडी आडवी ठेवायची, तिच्यावरून तापणारं कॉइल अगदी हळू सरकवायचं, म्हणजे कांडीचा फक्त एक छोटा पट्टा वितळलेला असतो आणि तो पट्टा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जातो. मागे गोठताना बहुतेक अशुद्धी घन स्फटिकात बसायला नाखूष असतात, त्या द्रवात राहतात आणि पट्ट्याबरोबर पुढे ढकलल्या जातात, केर झाडूने दाराकडे न्यावा तसं. असे फेरे पुन्हा पुन्हा मारायचे आणि शेवटी घाणीचं टोक कापून टाकायचं. बोरॉन मात्र अपवाद, ते उलट घन भागात आवडीने बसतं, म्हणजे त्याची घाण दुसऱ्या टोकाला जमते, हे विसरून चुकीचं टोक ठेवलं तर सगळी मेहनत पाण्यात.

१९५२ च्या अखेरीस कानाच्या मशीनमध्ये ट्रान्झिस्टर आले, १९५४ मध्ये चार जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा खिशातला रेडिओ बाजारात आला, आणि १९५८ मध्ये जॅक किल्बीने दाखवलेली पहिली आयसी, म्हणजे एकाच तुकड्यावरचं अख्खं सर्किट, तीसुद्धा जर्मेनियमच्याच तुकड्यावर होती. वेगाच्या बाबतीत तर आजही सिलिकॉन मागे आहे, जर्मेनियममध्ये इलेक्ट्रॉन जवळपास पावणेतीन पट आणि होल (इलेक्ट्रॉन सुटल्यावर मागे उरणारी रिकामी जागा, तीही वीज वाहते) चौपट चपळ असतात.

मग बिघडलं काय, तर तोच ठेंगणा उंबरठा. नेहमीच्या तापमानाची उष्णतासुद्धा इलेक्ट्रॉन उठवायला पुरते, त्यामुळे खोलीच्या तापमानाला शुद्ध जर्मेनियममध्ये सिलिकॉनच्या हजारपटीहून जास्त मोकळे वाहक, म्हणजे सुटे इलेक्ट्रॉन आणि होल, फिरत असतात आणि ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यातून करंट गळतो. गळतीने तापतो, तापला की आणखी गळतो. साधारण ७५-८० अंशांच्या पुढे जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा भरवसा धरू नये, सिलिकॉन दीडशेपर्यंत टिकतं. पण माझ्या मते खरा घाव ऑक्साइडने घातला. सिलिकॉनवर वाफ किंवा ऑक्सिजन सोडला की त्याच्याच अंगावर घट्ट, चिवट, वीज न वाहणारा थर चढतो, आणि सगळं चिप बनवण्याचं तंत्र त्या थरावर उभं आहे. जर्मेनियमचं ऑक्साइड पाण्यात विरघळतं. ज्या पृष्ठभागावर दर टप्प्याला धुणं-पुसणं करायचं तिथे संरक्षक कवचच धुऊन जाणार असेल तर काय करणार.

इथे जुन्या रेडिओंचं थोडं सांगतोच, राहवत नाही. हातात आलेला डायोड जर्मेनियमचा की सिलिकॉनचा हे मल्टिमीटरच्या डायोड रेंजवर पाच सेकंदात कळतं, ०.२ ते ०.३ दाखवलं तर जर्मेनियम, ०.६ च्या आसपास तर सिलिकॉन. क्रिस्टल रेडिओला बॅटरीच नसते, अँटेनातून येणारा सिग्नल अगदी किरकोळ, तिथे हा कमी उंबरठाच कामाचा म्हणून असे रेडिओ बनवणारे अजून जर्मेनियम डायोड शोधत फिरतात. काचेतला काळा रंगवलेला ओसी७१ ट्रान्झिस्टर मिळाला तर त्याचा रंग खरवडून दिव्याखाली धरून बघा, प्रकाश पडला की करंट वाढतो, म्हणजे तो काळा रंग शोभेचा नव्हता. आणि एएफ११७ वगैरे चार पायांचे ट्रान्झिस्टर बंद पडले असतील तर लगेच फेकू नका, त्यांच्या डबीच्या आतून कथिलाचे केसासारखे तंतू वाढतात आणि आत शॉर्ट करतात, बऱ्याचदा डबीला जोडलेला चौथा पाय नुसता कापला की रेडिओ बोलायला लागतो. सोल्डर करताना पाय चिमट्यात धरून ठेवा म्हणजे उष्णता चिमटा खाईल. गिटारवाल्यांचे फझ पेडल (गिटारचा आवाज मुद्दाम खरखरीत करणारे) अजून या ट्रान्झिस्टरवर बनतात, आवाज मऊ येतो म्हणतात, आणि मग उन्हात स्टेजवर गेलं की आवाज बदलला म्हणून तेच तक्रार करतात, अरे बाबा तापमानाने बदलणारच तो.

आता माझं रोजचं काम. किरणोत्सारी नमुन्यातून येणारे गॅमा किरण कोणत्या ऊर्जेचे आहेत हे मोजलं की आत कोणता आयसोटोप आहे ते कळतं. गॅमाने स्फटिकात ऊर्जा टाकली की इलेक्ट्रॉन-होलच्या जोड्या सुटतात आणि जर्मेनियममध्ये एक जोडी सुमारे ३ इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये पडते. सीझियम-१३७ चा ६६२ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टचा एक गॅमा आत पूर्ण अडकला तर सव्वादोन लाखांच्या आसपास जोड्या. मोजायला इतकं मिळालं की मोजणी अचूक होते. प्रत्येक ऊर्जेचा गॅमा आलेखावर एक उंच रेषा म्हणून दिसतो. सोडियम आयोडाइडच्या डिटेक्टरमध्ये या ६६२ च्या रेषेची रुंदी ४५ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास येते, जर्मेनियममध्ये दीडच्या आसपास. याचा अर्थ काय ते उदाहरणानेच कळेल, सीझियम-१३४ ची एक रेषा ६०५ ला आहे आणि निसर्गात सगळीकडे असणाऱ्या बिस्मथ-२१४ ची ६०९ ला. सोडियम आयोडाइडला हा एकच ढिगारा दिसतो. जर्मेनियम दोन सुया वेगळ्या दाखवतं, म्हणजे अणुभट्टीतून आलेलं काय आणि जमिनीतून आलेलं काय हे ठामपणे सांगता येतं. हे काम सिलिकॉनला जमत नाही कारण ३२ प्रोटॉनचा अणू गॅमाला जितका अडवतो तितका १४ वाला नाही अडवत.

पण त्यासाठी काही सेंटिमीटर जाड स्फटिकातून हजारो व्होल्ट लावून सगळे फुकटचे वाहक बाहेर काढावे लागतात, आणि ते जमायला शुद्धता अशी लागते की घन सेंटिमीटरमध्ये सक्रिय अशुद्धीचे अणू हजार कोटींच्या आत हवेत. ऐकायला भरपूर वाटतं ना, पण तेवढ्याच जागेत जर्मेनियमचे अणू इतके असतात की हिशोब चार लाख कोटींमागे एक असा बसतो. माणसाने बनवलेल्या सगळ्यात शुद्ध पदार्थांमध्ये हे मोडतं. वर उंबरठा ठेंगणा असल्यामुळे गळती थांबवायला द्रव नायट्रोजनने ७७ केल्विनला, म्हणजे उणे १९६ अंशांना गार ठेवावं लागतं (आता वीजेवर चालणारे कूलरही येतात). जुन्या लिथियम भरलेल्या डिटेक्टरचं तर आणखी कठीण, ते एकदा गरम झाले की कामातून गेलेच, म्हणून सुट्टीतही कोणीतरी नायट्रोजन भरायला यायचंच.

आमच्याकडे एकदा लांबची सुट्टी आली आणि नायट्रोजनची पाळी दोघांनी एकमेकांवर सोडली. सोमवारी डबा कोरडा. हाय व्होल्टेज आपोआप बंद झालं होतं म्हणून मोठं नुकसान टळलं, पण एका नव्या मुलाने घाईघाईत मला न विचारता लगेच नायट्रोजन ओतला. अर्धवट गरम झालेला स्फटिक असा परत गार करायचा नसतो. निर्वाताच्या कप्प्यात शोषक पदार्थाने धरून ठेवलेली वाफ आणि वायू गरम होताना सुटतात आणि पुन्हा गार झाल्यावर नेमके स्फटिकाच्या अंगावर बसतात, गळती वाढते, रेषा जाड होतात. मग पूर्ण खोलीच्या तापमानाला येऊ द्या, दोन दिवस थांबा, पुन्हा गार करा. त्या भानगडीत आठवडा गेला आणि नमुने रांगेत. या कामात असाल तर ही एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवा, गरम झाला तर पूर्ण गरम होऊ द्यायचा.

दुसरा मोठा उपयोग थर्मल कॅमेऱ्याच्या लेन्सचा. माणसाच्या अंगातून निघणारे उष्णतेचे किरण साधारण ९-१० मायक्रॉनवर सगळ्यात जास्त असतात आणि साधी काच त्यांना भिंतीसारखी अडवते, म्हणून थर्मल कॅमेरा खिडकीच्या काचेतून पलीकडचं बघू शकत नाही. जर्मेनियमचं बरोबर उलट. डोळ्याला तो काळपट आरसा दिसतो, पलीकडचं काहीच नाही, पण २ मायक्रॉनपासून १४ पर्यंत तो खिडकी असतो. आणि २ हा आकडा कुठून आला, तर त्या ०.६७ मधूनच, त्याहून जास्त ऊर्जेचा प्रकाश इलेक्ट्रॉन उठवण्यात खर्ची पडतो आणि कमी ऊर्जेचा सुखरूप पार जातो. अपवर्तनांक ४, काचेचा दीड असतो, त्यामुळे लेन्स पातळ आणि कमी लागतात, पण त्याच कारणाने प्रत्येक पृष्ठभागावर ३६ टक्के प्रकाश परत फिरतो म्हणून कोटिंगशिवाय उपयोग नाही. कोटिंग घासून पुसलं तर तुमचं तुम्ही बघा. शिवाय तापलं की वाहक वाढतात आणि शंभर अंशांच्या वर लेन्स हळूहळू आंधळी होत जाते, तापमानाबरोबर फोकसही सरकतो, जुनी खोड इथेही आहेच.

बाकी उपयोग भराभर सांगतो. ऑप्टिकल फायबरच्या गाभ्यात थोडं जर्मेनियम ऑक्साइड मिसळतात म्हणजे गाभ्याचा अपवर्तनांक जरा वाढतो आणि प्रकाश आतच राहतो, तुम्ही हे वाचताय तेही बहुधा त्यातूनच आलंय. उपग्रहांच्या बहुस्तरीय सोलर सेलला खालचा थर म्हणून जर्मेनियमची चकती असते. प्लॅस्टिकच्या पीईटी बाटल्या बनवताना त्याचं ऑक्साइड उत्प्रेरक म्हणून वापरतात. आणि ज्या सिलिकॉनने बाहेर काढलं त्याच्याच चिपमध्ये सिलिकॉन-जर्मेनियम मिश्रण म्हणून ते परत शिरलंय, जास्त फ्रिक्वेन्सीच्या रेडिओ सर्किटसाठी. भौतिकीवाले तर जर्मेनियम-७६ हा आयसोटोप वाढवून त्याचेच डिटेक्टर करून इटलीत ग्रान सास्सो डोंगराखाली एक अतिदुर्मिळ क्षय शोधत बसलेत, तिथे नमुना आणि मोजणारं यंत्र एकच.

एवढं असूनही जर्मेनियमची म्हणून खाण फारशी कुठे नसते. जस्ताच्या खनिजात थोडं आणि काही कोळशांच्या राखेत थोडं, तिथून क्लोराइड करून उकळून वेगळं काढायचं, ८५ अंशांच्या आसपास उकळतं हा गुण इथे उपयोगी पडतो. मागणी दुप्पट झाली म्हणून कोणी दुप्पट जस्त खणत नाही, त्यामुळे पुरवठा पटकन वाढत नाही. त्यात सगळ्यात जास्त उत्पादन चीनमध्ये, त्यांनी ऑगस्ट २०२३ पासून निर्यातीला परवाना लावला तेव्हा लेन्सवाल्यांची झोप उडाली होती आणि सिलिकॉनला हरलेल्या या मूलद्रव्याची सगळ्यांना एकदम आठवण झाली.

राहिलं ब्रेसलेट. जाहिरातीत लिहितात की ३२ अंशांच्या वर जर्मेनियम इलेक्ट्रॉन सोडतं आणि ते अंगात जाऊन दुखणं ओढतं. ३२ अंशांना जर्मेनियममध्ये काहीही विशेष घडत नाही, मोकळे वाहक तापमानाबरोबर सलग वाढत जातात, ३१ ला आणि ३३ ला तेच, आणि ते स्फटिकातच फिरतात, तुमच्या मनगटात उतरत नाहीत. मनगटावर घातलं तर पैसे जातील इतकंच, बाकी अपाय नाही. पण पोटात घ्यायच्या जर्मेनियमच्या गोळ्या आणि पावडरी विकतात त्यांच्यापासून लांब राहा, हे गंभीरपणे सांगतोय. शरीराला या मूलद्रव्याची गरज असल्याचं कुठेही सिद्ध झालेलं नाही आणि अशा गोळ्या महिनोन् महिने घेऊन मूत्रपिंडं निकामी झालेल्या, काही जण दगावलेल्या केसेस वैद्यकीय नोंदींत आहेत. घरात कोणी घेत असेल तर आजच बंद करायला सांगा आणि डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगून क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, करून घ्या.